स्वमग्नतेची जनुकं आणि माणसाच्या चेतापेशी : फायरिंग वाढतं की कमी होतं?

चेतातंतू (धागाकर्ता)

स्वमग्नतेशी जोडलेल्या एखाद्या जनुकाची बातमी आली की मथळा ठरलेला असतो. 'या जनुकामुळे मेंदूतल्या पेशी अतिसक्रिय होतात', नाहीतर 'मंदावतात'. गंमत म्हणजे दोन्ही निष्कर्ष बरोबर असतात, आणि कित्येकदा एकाच जनुकाबद्दल असतात. हे कसं, ते नीट उलगडावं म्हणून हा धागा काढतोय. चेतापेशींच्या कल्चरवर आणि त्यातून येणाऱ्या विदेवर काम करणारे सदस्य इथे आहेत, त्यांनी पद्धतीबद्दल सविस्तर लिहावं ही विनंती.

आधी आवाका. २०२० साली ३५,५८४ व्यक्तींच्या एक्सोमचा (जनुकांतल्या प्रथिनं बनवणाऱ्या भागाचा) अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या ११,९८६ जणांना स्वमग्नता होती. त्यातून १०२ जनुकं पुढे आली. ढोबळमानाने त्यातली ५८ जनुकं इतर जनुकांचं कामकाज नियंत्रित करणारी, तर २४ चेतापेशींच्या आपसातल्या संवादाशी संबंधित. म्हणजे निम्म्याहून अधिक जनुकं अशी, की ज्यांचा विजेशी थेट संबंधच नाही. ती पेशीच्या केंद्रकात बसून कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटायचं ते ठरवतात. तरी परिणाम शेवटी पेशीच्या फायरिंगमध्ये, म्हणजे विजेचे संकेत सोडण्यात, दिसतो.

ज्या जनुकाचा विजेशी थेट संबंध आहे त्यापासून सुरुवात करू : एससीएन२ए. हे जनुक एनएव्ही१.२ नावाचं सोडियम चॅनेल (सोडियम पेशीत सोडणारं दार) बनवतं. चेतापेशीतला स्पाइक (विजेचा क्षणिक ठोका) पेटतो ॲक्सॉनच्या, म्हणजे सिग्नल पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या, अगदी सुरुवातीच्या, काही डझन मायक्रॉन लांबीच्या तुकड्यात. कॉर्टेक्समधल्या उत्तेजक पेशींमध्ये, वाढीच्या सुरुवातीच्या काळात, या तुकड्यातलं मुख्य सोडियम चॅनेल एनएव्ही१.२ असतं. पेशी मोठी झाली की स्पाइक पेटवण्याचं काम एनएव्ही१.६ कडे जातं, आणि एनएव्ही१.२ चं महत्त्व डेंड्राइटमध्ये (सिग्नल घेणाऱ्या फांद्यांमध्ये) उरतं.

आता या एका गोष्टीवरून बरंच काही कळतं. चॅनेल जास्त काम करू लागेल असं म्युटेशन असेल, तर पेशी तान्ह्या वयातच भडकतात. अशा बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत किंवा महिन्यांत झटके येतात. उलट, जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी करणारं म्युटेशन असेल तर चित्र स्वमग्नता आणि बौद्धिक विकासातल्या अडचणींचं असतं. तिथे प्रौढ पेशीचा ॲक्सॉन स्पाइक व्यवस्थित पेटवतो, पण तो स्पाइक डेंड्राइटमध्ये मागे नीट पोचत नाही, आणि त्या सिग्नलवर अवलंबून असलेल्या चेतासंधी (दोन चेतापेशींमधले सांधे) अपक्व राहतात. हे उंदरांवरच्या कामातून २०१९ मध्ये दाखवलं गेलं.

दोन्ही प्रती काढून टाकल्या तर पेशी अजून मंद व्हायला हवी, असं कुणालाही वाटेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात उलटं दिसलं : उंदराच्या पेशी जास्त फायर करू लागल्या. कारण असं, की डेंड्राइटमध्ये पुरेसं व्होल्टेज चढलं नाही की तिथली पोटॅशियम चॅनेल्सही पुरेशी उघडत नाहीत. स्पाइक होऊन गेल्यावर पेशीला खाली ओढून आणणारी तीच असतात. ब्रेक दाबणारा पायच सैल झाला, तर गाडी पळणारच. 'सोडियम कमी म्हणजे फायरिंग कमी' हे समीकरण इथे मोडतं.

---

सह्यवारा

वाचतोय. छान सुरुवात. एक मूलभूत शंका : उंदराच्या मेंदूत सगळी जोडणी आयती असते, वागणूकही बघता येते. मग माणसाच्या पेशी डिशमध्ये वाढवण्याचा एवढा खटाटोप कशाला?

---

चेतातंतू

@सह्यवारा, सगळ्यात चपखल उदाहरण न्यूरेक्सिन-१ चं. हे प्रथिन सिग्नल पाठवणाऱ्या बाजूला, चेतासंधीच्या तोंडाशी बसतं. माणसात याची एकच प्रत गेली तरी स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनिया दोन्हींची जोखीम वाढते. स्टॅनफर्डमध्ये टॉमस ज्यूडहोफ यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये माणसाच्या मूलपेशींमध्ये एक प्रत बंद केली आणि त्यांच्यापासून चेतापेशी बनवल्या. चेतारसायन बाहेर टाकण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. तीच एक प्रत उंदराच्या पेशींमध्ये बंद केली तेव्हा असा फरक आढळला नाही. जनुक तेच, डोस (किती प्रती चालू आहेत ते) तोच, पण प्राणी बदलला की परिणाम बदलला. नुसत्या उंदरावर विसंबलं असतं तर 'एक प्रत गेल्याने काही होत नाही' असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो माणसाच्या बाबतीत चुकीचा ठरला असता.

उंदीर टाकून द्यावा असं यातून निघत नाही. वर लिहिलेलं डेंड्राइटचं काम डिशमधल्या पेशीत करणं फार अवघड आहे.

---

पेट्रीडिश

पद्धतीबद्दल लिहितो. थोडं लांबेल, पण यातल्या प्रत्येक पायरीवर निकाल फिरू शकतो.

रक्तातल्या किंवा त्वचेतल्या पेशी घेऊन त्यांना मागे नेऊन मूलपेशी बनवतात. यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसात चार घटकांनी हे करून दाखवलं. यांना आपण आयपीएस पेशी म्हणू. नेटवर्कची सक्रियता मोजायची असेल तर सध्या सगळ्यात रुळलेला रस्ता एनजीएन२ चा, २०१३ पासूनचा. आयपीएस पेशीत एनजीएन२ हे जनुक डॉक्सिसायक्लिनच्या स्विचवर बसवायचं, डॉक्सिसायक्लिन घातलं की पेशी थेट कॉर्टेक्सच्या उत्तेजक चेतापेशीच्या दिशेने जातात. दोन आठवड्यांच्या आत चेतापेशीचं रूप येतं, पण नेटवर्क म्हणून एकत्र बोलू लागायला चार आठवडे तरी द्यावे लागतात.

एक प्रचलित वेळापत्रक :

दिवस ० : इलेक्ट्रोडच्या प्लेटवर (हिच्या तळाचे बारीक इलेक्ट्रोड पेशींची वीज टिपतात) पेशी चिकटाव्यात म्हणून पॉली-एल-ऑर्निथिन आणि लॅमिनिनचा लेप. आयपीएस पेशी पूर्ण सुट्या करून, २४ खाचांच्या प्लेटला दर खाचेत साधारण २०,००० पेशी. इलेक्ट्रोडच्या जाळीवर नेमका एक छोटा थेंब टाकायचा, पेशी चिकटू द्यायच्या, मगच बाकीचं मीडियम (पोषक द्रव) ओतायचं. डॉक्सिसायक्लिन मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम.

दिवस २ : उंदीरवर्गातल्या रॅटच्या मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी), चेतापेशींच्या एकास एक प्रमाणात.

दिवस ३ : न्यूरोबेसल मीडियम, बी२७ हे पूरक, आणि वाढीचे घटक म्हणून मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम बीडीएनएफ आणि तितकंच एनटी३. सोबत सायटोसिन अरॅबिनोसाइड २ मायक्रोमोलर, एकदाच. जे चेतापेशी न होता वाढतच राहतात त्यांना यानेच रोखायचं.

पुढे : दर दुसऱ्या दिवशी अर्धंच मीडियम बदलायचं. पूर्ण बदललं तर पेशींनी स्वतः सोडलेले पोषक घटक वाहून जातात आणि जाळं उखडतं. दहाव्या दिवसापासून २.५ टक्के सीरम, ॲस्ट्रोसाइट तगून राहाव्यात म्हणून. मोजणी चौथ्या आठवड्याच्या शेवटी.

आता बिघडतं कुठे ते.

लॅमिनिन सुकणं. लेप काढल्यावर पेशी टाकेपर्यंत पाच-दहा मिनिटं प्लेट उघडी राहिली की लॅमिनिन सुकतं. पहिला आठवडा सगळं सुरळीत दिसतं, तिसऱ्या आठवड्यात पेशी गोळ्या होऊन गुठळ्या बनतात आणि इलेक्ट्रोडवरून सरकतात. मग त्या खाचेत 'सक्रियता कमी' दिसते. ते जनुकाचं काम नव्हे, लेपाचं आहे.

बाष्पीभवन. कडेच्या खाचांमधलं पाणी लवकर उडतं, मीडियममधल्या क्षारांचं प्रमाण चढतं आणि फायरिंग बसतं. सोपा उपाय म्हणजे प्लेट काट्यावर ठेवून वजन करणं. १ ग्रॅम घट म्हणजे १ मिलिलिटर पाणी गेलं. खाचांच्या मधल्या जागेत निर्जंतुक पाणी भरा, आणि पेशंटच्या पेशी कडेला व कंट्रोल मधे अशी मांडणी चुकूनही करू नका. दोन्ही प्रकार प्लेटभर विखरून लावा.

मीडियम बदलल्यावर लगेच मोजणं. मीडियम बदललं की नेटवर्क काही तास गडबडलेलं असतं. बदल आणि मोजणी यांतलं अंतर सगळ्या प्लेटना सारखं ठेवा. मशीनमध्ये ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हवा. प्लेट आत ठेवून दहा मिनिटं थांबायचं, मग दहा मिनिटं रेकॉर्डिंग.

आयपीएस पेशी स्वतःच बदलणं. वारंवार पास करत गेलं (नव्या डिशमध्ये हलवून वाढवत गेलं) की विसाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एक तुकडा दुप्पट होतो आणि ती पेशी बाकीच्यांना मागे टाकते. टीपी५३ या पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकातही म्युटेशन शिरतात. गुणसूत्रांची तपासणी फक्त लाइन (एकाच पेशीस्रोतापासून वाढवत नेलेला साठा) बनवताना करून भागत नाही, दर दहाएक पासनंतर आणि गोठवण्याआधी करायची. मायकोप्लाझ्माची चाचणी दर महिन्याला.

क्रिस्परचा (जनुक ठरावीक जागी कापण्याच्या तंत्राचा) छुपा घाव. एक प्रत कापायला गेलो आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या तेवढ्याच तुकड्याच्या प्रती काढून बघण्याच्या चाचणीत) एकच स्वच्छ क्रम दिसला, तर 'दोन्ही प्रती सारख्या झाल्या' असं समजू नका. कित्येकदा दुसऱ्या प्रतीतला मोठा तुकडाच उडालेला असतो, म्हणून पीसीआरला ती प्रत दिसतच नाही. कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना ज्या अक्षरात आई-वडिलांकडून आलेल्या प्रती वेगळ्या आहेत अशी एखादी जागा शोधा आणि दोन्ही अक्षरं अजून शाबूत आहेत का ते बघा.

---

सह्यवारा

फारच उपयुक्त. पण माणसाच्या चेतापेशी आणि रॅटच्या ॲस्ट्रोसाइट ही सरमिसळ का? त्याने निकाल दूषित नाही होत?

---

पेट्रीडिश

ॲस्ट्रोसाइटशिवाय एनजीएन२ पेशींच्या चेतासंधी नीट परिपक्वच होत नाहीत. माणसाच्या ॲस्ट्रोसाइट आयपीएसपासून बनवायला काही महिने जातात आणि दर खेपेला त्या वेगळ्या निघतात. रॅटच्या ॲस्ट्रोसाइट एका खेपेत भरपूर मिळतात, त्या गोठवून पूर्ण प्रयोगाला एकच लॉट पुरवता येतो. दुसरा फायदा आरएनए वाचताना होतो. प्रजाती वेगळ्या असल्यामुळे आरएनएचा कुठला तुकडा कुणाचा ते संगणकाला ओळखता येतं. पण तेवढ्यासाठी दोन्ही जीनोम एकत्र जोडून जुळणी करायला हवी, नाहीतर दोघांत सारखे असणारे तुकडे चुकीच्या खात्यात जमा होतात.

तोटा उघड आहे. त्या जनुकाचा ॲस्ट्रोसाइटमार्गे होणारा परिणाम या पद्धतीत दिसणारच नाही, कारण ॲस्ट्रोसाइट निरोगी आहेत. एमईसीपी२ सारख्या (रेट सिंड्रोमच्या) जनुकाबाबत ही मर्यादा विसरून चालत नाही.

---

विदाप्रेमी

पेट्रीडिश यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा. मी विश्लेषणाच्या बाजूने भर घालतो, कारण 'जास्त-कमी' चा घोळ बऱ्याचदा इथेच होतो.

इलेक्ट्रोड फक्त व्होल्टेज देतो. स्पाइक कुठला हे आपण ठरवतो. सहसा गोंगाटाच्या प्रमाण विचलनाच्या साडेचार-पाच पट खाली गेलेलं टोक म्हणजे स्पाइक. पण नेटवर्क खूप बोलकं असेल तर स्पाइक स्वतःच त्या विचलनात मिसळतात, उंबरठा आपोआप वर सरकतो, आणि जी खाच सगळ्यात बोलकी तिच्यातलेच लहान स्पाइक गळतात. म्हणून गोंगाट शांत तुकड्यांवरून मोजा, किंवा माध्यकावर आधारित माप वापरा.

दुसरं, सरासरी फायरिंगचा दर हा सगळ्यात दुबळा आकडा आहे. एका मिनिटात ६० स्पाइक एकसारखे पडले काय, किंवा दोन जोरदार झुंडींत पडले काय, सरासरी तीच. खरी माहिती झुंडीत असते : नेटवर्क बर्स्ट किती वेळाने येतात, किती टिकतात, त्यांच्यातलं अंतर नियमित आहे का.

क्लीफस्ट्रा सिंड्रोमचं उदाहरण बघा. ईएचएमटी१ ची एक प्रत जाते, स्वमग्नतेची लक्षणं बहुतेकांत असतात. नायमेखेनच्या गटाने २०१९ मध्ये पेशंटच्या पेशींपासून बनवलेल्या नेटवर्कमध्ये दाखवलं की बर्स्ट कमी वेळा येतात, पण प्रत्येक बर्स्ट जास्त वेळ टिकतो, आणि अंतरं अनियमित होतात. याला अतिसक्रिय म्हणाल की मंद? दोन्ही शब्द निरुपयोगी. कारण मात्र नेमकं सापडलं. ईएचएमटी१ हे जनुकांवर 'बंद'ची खूण ठेवणारं एन्झाइम. ते कमी पडल्यावर जीआरआयएन१ या जनुकावरची खूण पुसट झाली, त्यापासून बनणारे एनएमडीए रिसेप्टर (उत्तेजक सिग्नल पकडणारी प्रथिनं) वाढले, आणि हे रिसेप्टर हळू बंद होत असल्यामुळे बर्स्ट लांबले. एनएमडीए रिसेप्टर औषधाने अडवल्यावर नेटवर्कची लय सुधारली. केंद्रकात बसणारं जनुक विजेपर्यंत कसं पोचतं, या धागाकर्त्याच्या मुद्द्याला याहून चांगला दाखला नाही.

इथेच एक सापळा आहे. बर्स्ट शोधताना 'दोन स्पाइकमधलं अंतर १०० मिलिसेकंदांपेक्षा कमी' असा ठोकळ नियम लावला, तर लांब बर्स्टमध्ये मधे क्षणभर थांबा आला की त्याचे तीन तुकडे होतात. मग आकडेवारी सांगते 'बर्स्टची संख्या वाढली, लांबी घटली'. म्हणजे खऱ्याच्या बरोबर उलट. कच्चा रास्टर (एकेक स्पाइक ठिपक्याने दाखवणारं चित्र) डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकाही आलेखावर विश्वास ठेवू नये.

तिसरं, एन किती? तीन पेशंट, तीन कंट्रोल, प्रत्येकी २४ खाचा. पुष्कळ ठिकाणी एन = ७२ लिहून पी-व्हॅल्यू काढलेली असते. खाचा म्हणजे माणसं नव्हेत. एकाच माणसाच्या २४ खाचा एकमेकींसारख्याच वागणार. मिश्र-परिणाम मॉडेल लावा, त्यात व्यक्ती, क्लोन आणि बॅच हे यादृच्छिक घटक धरा. असं केल्यावर कित्येक 'ठळक' फरक विरून जातात. ते वेळेवर विरलेलेच बरे, नाहीतर पुढचा गट त्यांच्या मागे दोन वर्षं घालवतो.

---

चेतातंतू

@विदाप्रेमी, ईएचएमटी१ बद्दल लिहिल्याबद्दल मनापासून आभार. त्याला जोडून दोन गोष्टी.

पहिली, डोस. टोरांटोच्या गटाने २०१८ मध्ये दहा जनुकांच्या प्रती क्रिस्परने पूर्ण निकामी करून, जनुकीय पार्श्वभूमी सारखी ठेवून, चेतापेशी बनवल्या. एटीआरएक्स, एएफएफ२, केसीएनक्यू२, एससीएन२ए आणि एएसटीएन२ यांत चेतासंधींची सक्रियता घटली. त्याच गटाने २०१९ मध्ये स्वमग्नता असलेल्या व्यक्तींच्या पेशी घेतल्या, जिथे सीएनटीएन५ किंवा ईएचएमटी२ ची एकच प्रत बिघडलेली होती. तिथे नेटवर्क अतिसक्रिय निघाली. दोन्ही कामं आपापल्या जागी चोख आहेत. पण जनुकं वेगळी, डोसही वेगळे, त्यामुळे ती शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करता येत नाही. माणसांत या जनुकांची बहुधा एकच प्रत बिघडलेली असते, म्हणून एक-प्रत मॉडेलला जास्त वजन द्यावं असं माझं मत. (एटीआरएक्स आणि एएफएफ२ एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांच्या बाबतीत हा हिशेब वेगळा.)

दुसरी, शँक३. बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकावरचं हे जनुक सिग्नल घेणाऱ्या बाजूच्या चेतासंधीचा सांगाडा उभारतं. त्या टोकाचा तुकडा गेला की फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम होतो. २०१३ मध्ये अशा व्यक्तींच्या चेतापेशींत उत्तेजक चेतासंधी कमकुवत असल्याचं दिसलं, आणि आयजीएफ-१ हा वाढीचा घटक दिल्यावर त्या सुधारल्या. २०१६ मध्ये ज्यूडहोफ यांच्या गटाने जे दाखवलं ते अजून जवळून बघण्यासारखं आहे.

चेतापेशी विश्रांतीत असतानाही तिच्या पटलावर एचसीएन नावाची काही चॅनेल्स किलकिली उघडी असतात. पिंपाला बारीक भोक असावं तसं, त्यातून थोडा प्रवाह सतत झिरपत असतो. शँक३ कमी झालं की ही चॅनेल्स कमी पडतात. भोक बुजलं, म्हणजे पटलाचा रोध वाढला. ओहमचा नियम : तेवढाच प्रवाह, रोध जास्त, तर व्होल्टेज जास्त. परिणामी लहानशा सिग्नललाही पेशी पेट घेते. निरोगी पेशींत एचसीएन औषधाने दीर्घकाळ अडवलं तर असाच बिघाड उभा राहतो.

म्हणजे एकाच पेशीत चेतासंधी मंद आणि पटल भडक, दोन्ही एका वेळी. पॅच-क्लॅम्प (एकेका पेशीची वीज मोजण्याची पद्धत) करणारा जर फक्त चेतासंधीचे प्रवाह मोजेल तर 'मंद' लिहील. फक्त प्रवाह टोचून स्पाइक मोजेल तर 'अतिसक्रिय' लिहील. निबंध वाचताना मी आधी पद्धतीचा भाग उघडून नेमकं काय मोजलंय ते बघतो.

---

पारिजात

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा मन लावून वाचते आहे. मुलांच्या जनुकीय तपासणीच्या रिपोर्टात अनेकदा यातल्याच एखाद्या जनुकासमोर 'व्हीयूएस' लिहिलेलं असतं. पालकांनी त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि मुलाच्या पेशींपासून अशा चेतापेशी बनवून उत्तर मिळू शकतं का?

---

गोदाकाठ

पारिजातताई, फार महत्त्वाचा प्रश्न. क्रमाने लिहिते.

व्हीयूएस म्हणजे 'बदल सापडला, पण तो त्रासदायक की निरुपद्रवी हे सांगण्याइतका पुरावा आज नाही'. पाच पायऱ्यांच्या वर्गवारीतली ही बरोबर मधली पायरी. तिला निदान समजू नये, आणि तिच्यावरून औषध किंवा पुढच्या गरोदरपणाचा निर्णय घेऊ नये.

पहिलं पाऊल म्हणजे आई-वडिलांची तपासणी. तोच बदल निरोगी आईत किंवा वडिलांत सापडला तर, एससीएन२ए सारख्या जनुकाबाबत, तो कारण असण्याची शक्यता बरीच घटते. दोघांतही नसेल, म्हणजे मुलात नव्याने आला असेल, तर वजन वाढतं. यासाठी पूर्ण एक्सोम पुन्हा करायची गरज नसते, तेवढ्याच जागेची सँगर तपासणी पुरते, आणि ती तुलनेने स्वस्त असते.

दुसरं, आपल्या लोकसंख्येशी ताडून बघणं. जगभरातल्या विदासंचांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा आहे. तिथे 'दुर्मिळ' दिसणारा बदल आपल्याकडे एखाद्या समाजात सर्रास असू शकतो. रिपोर्टमध्ये दक्षिण आशियाई वारंवारता बघितली आहे का, ते विचारा. सीएसआयआरच्या इंडिजेन प्रकल्पाने १,०२९ भारतीय जीनोमची विदा खुली केली आहे, तीही बघता येते.

तिसरं, क्रम. आधी क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे गहाळ किंवा जास्तीचे तुकडे शोधणारी तपासणी) आणि फ्रॅजाइल एक्स (एक्स गुणसूत्रावरचं एक जनुक बंद पडून होणारा आजार) यांची तपासणी, मग एक्सोम. फ्रॅजाइल एक्समधलं सीजीजी पुनरावर्तन, जे २०० च्या पुढे गेलं की जनुक बंद पडतं, नेहमीच्या एक्सोम तपासणीत दिसत नाही. एक्सोम 'नॉर्मल' आलं म्हणून फ्रॅजाइल एक्स नाही असं होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

चौथं, दर एक-दोन वर्षांनी त्याच विदेचं पुनर्विश्लेषण मागा. रक्त पुन्हा द्यावं लागत नाही.

चेतापेशी बनवून बघण्याबद्दल : आज ही निदानाची चाचणी नाही. आयपीएस लाइन बनवून तपासायलाच काही महिने, मग चेतापेशींना महिना-दीड महिना, आणि तुलनेसाठी तोच बदल दुरुस्त केलेली दुसरी लाइन. एका मुलाच्या एका बदलाचं उत्तर यातून मिळवणं हे संशोधन असतं, रिपोर्ट नव्हे.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. 'स्टेम सेल' हा शब्द या धाग्यात आला आहे म्हणून : इथल्या मूलपेशी डिशमध्ये राहतात, मुलाच्या शरीरात परत जात नाहीत. स्वमग्नतेवर स्टेम सेल टोचण्याचे जे उपचार विकले जातात, त्यांचा या संशोधनाशी काही संबंध नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतं, आणि अशा चाचणीत भाग घेण्यासाठी पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पॅकेजची रक्कम सांगितली तर तिथेच थांबा.

---

पारिजात

इतक्या स्पष्ट उत्तराबद्दल धन्यवाद, गोदाकाठ. मग जनुक कळल्याने उपचारात आज काहीच फरक पडत नाही का?

---

गोदाकाठ

काही ठिकाणी पडतो. धागाकर्त्याने दिलेलं एससीएन२ए बघा. झटके वयाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू झाले असतील, तर बहुधा चॅनेल जास्त काम करत असतं. तिथे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी सोडियम चॅनेल अडवणारी औषधं चांगली लागू पडतात. झटके त्यानंतर सुरू झाले असतील तर बहुधा चॅनेल आधीच कमी पडत असतं, तिथे हीच औषधं सहसा उपयोगी पडत नाहीत आणि काही वेळा त्रास वाढवतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये केवळ जनुकाचं नाव असून भागत नाही, बदल कुठल्या दिशेचा आहे ते मेंदूविकारतज्ज्ञाला कळायला हवं. चालू औषध मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करायचं नाही, अचानक थांबवल्यानेही झटके येतात.

---

सह्यवारा

ऑर्गनॉइडबद्दल (डिशमध्ये वाढवलेल्या मेंदूसारख्या पेशीगोळ्यांबद्दल) कुणीच लिहिलं नाही. तिथे काय दिसतं?

---

चेतातंतू

थोडक्यात लिहितो, कारण ऑर्गनॉइडमध्ये फायरिंगपेक्षा वेळापत्रक जास्त चांगलं दिसतं. हार्वर्डमध्ये पाओला आर्लोटा यांच्या गटाने २०२२ मध्ये सीएचडी८, एआरआयडी१बी आणि एसयूव्ही४२०एच१ ही तीन जनुकं वेगवेगळ्या दात्यांच्या पेशींत एक-प्रत केली. तिन्हींचे रेणवीय मार्ग वेगळे होते, पण फटका त्याच दोन प्रकारच्या पेशींना बसला : गाबा हे रसायन वापरून इतर पेशींना शांत करणाऱ्या शामक पेशी आणि कॉर्टेक्सच्या खालच्या थरांतल्या उत्तेजक पेशी. त्यांची वाढ वेळ चुकवून होऊ लागली. परिणामाची तीव्रता दात्यागणिक बदलली. एकाच दात्याच्या पेशींवर काढलेल्या निष्कर्षाकडे म्हणूनच सावधपणे बघावं लागतं.

सिनगॅप१ मध्येही तोच सूर आहे. एक प्रत गेली की माणसाच्या चेतापेशी लवकर परिपक्व होतात, चेतासंधी घाईने पक्क्या होतात. माणसाच्या कॉर्टेक्सचं वैशिष्ट्यच हे की तो वर्षानुवर्षं घडत राहतो, आणि इथे नेमकी तीच सवड कमी होते. तिसऱ्या आठवड्यात मोजलं तर 'अतिसक्रिय' दिसेल, कारण शेजारची निरोगी पेशी अजून बोलायला शिकतेय.

उपचाराच्या दिशेने सर्वात पुढे गेलेलं उदाहरण टिमथी सिंड्रोमचं. सीएसीएनए१सी या कॅल्शियम चॅनेलच्या जनुकात दोन पर्यायी एक्सॉन (जनुकाचे तुकडे, वरचा ॲक्सॉन नव्हे) आहेत, ८ए आणि ८. पेशी दोहोंपैकी एकच वापरते. वाढीच्या सुरुवातीला ८ए, नंतर ८. या आजाराच्या पहिल्या प्रकारात म्युटेशन ८ए मध्ये असतं, आणि चॅनेल उघडल्यावर लवकर मिटत नाही. स्टॅनफर्डमध्ये सर्ज्यू पाश्का यांच्या गटाने २०२४ मध्ये आरएनएला चिकटणारा एक छोटा प्रतिसूत्री रेणू वापरून पेशींना ८ए टाळून ८ घ्यायला लावलं. चॅनेल वेळेवर मिटू लागलं आणि शामक पेशींचं अडखळलेलं स्थलांतर सुधारलं. रॅटच्या मेंदूत रोवलेल्या माणसाच्या पेशींमध्येही सुधारणा दिसली. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे, पण पेशंटच्या पेशीपासून उपचाराच्या रेणूपर्यंतचा रस्ता इथे पूर्ण चालून दाखवला गेला.

एससीएन२ए बाबतही उरलेल्या चांगल्या प्रतीचा आवाज क्रिस्परने वाढवून, काहीही न कापता, उंदरांत आणि माणसाच्या चेतापेशींत कार्य सुधारल्याचं काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. एकच प्रत गेलेल्या कितीतरी जनुकांना हा विचार लागू होऊ शकतो.

---

पेट्रीडिश

एक दुरुस्ती-वजा-भर. वर 'उत्तेजक-शामक संतुलन' कुणी लिहिलं नाही ते बरं झालं, पण वाचकांच्या मनात ते येणार. एनजीएन२ च्या नेटवर्कमध्ये शामक पेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे तिथे पिक्रोटॉक्सिन (गाबाचा परिणाम अडवणारं रसायन) घालून 'गाबाचा परिणाम नाही' असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. एएससीएल१ आणि डीएलएक्स२ या जनुकांनी शामक पेशी वेगळ्या बनवून मिसळाव्या लागतात. त्या मिसळल्यावरही पहिले काही आठवडे गाबा उत्तेजकच असतो, कारण कोवळ्या पेशीत एनकेसीसी१ या प्रथिनामुळे क्लोराइड भरलेलं असतं आणि ते बाहेर काढणारं केसीसी२ अजून पुरेसं आलेलं नसतं. म्हणून दर आठवड्याला दोन-चार खाचांत थोडा गाबा घालून बघा. फायरिंग वाढलं तर नेटवर्क कोवळं आहे. ते ज्या आठवड्यात घटू लागेल, तिथून पुढेच शामक पेशींबद्दल काही बोलता येईल.

औषधं घालण्याचा क्रमही ठरवून घ्या. आधी दहा मिनिटं नुसतं रेकॉर्डिंग, मग फक्त विद्रावक तेवढ्याच प्रमाणात, मग औषध. डीएमएसओ (नेहमीचा विद्रावक) ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. विद्रावकाची खाच नसेल तर पिपेटच्या धक्क्याने झालेला बदल औषधाच्या नावावर जमा होतो. सगळ्यात शेवटी १ मायक्रोमोलर टीटीएक्स (सोडियम चॅनेल अडवून स्पाइक थांबवणारं विष). त्यानंतरही ज्या इलेक्ट्रोडवर 'स्पाइक' मोजले जात असतील तो इलेक्ट्रोड गोंगाट मोजतोय. त्याची आधीची सगळी विदाही बाद करा, आणि किती इलेक्ट्रोड बाद केले ते दोन्ही गटांसाठी वेगवेगळं लिहा.